कुठल्या गटाचा?

कोल्हापुरात नवख्या माणसाची चौकशी एका ठरलेल्या क्रमाने होते. गाव कुठलं, पाहुणे कुठले, ऊस कुठल्या कारखान्याला जातो.. आणि मग आवाज जरा खाली आणून, "कुठल्या गटाचा म्हणायचा?" पक्ष कोणी विचारत नाही. पक्ष विचारणारा एकतर पुण्या-मुंबईहून आलेला वार्ताहर असतो, नाहीतर हातात कागद घेतलेला सर्व्हेवाला. त्यालाही उत्तर मिळतं, पण ते त्याच्या समाधानापुरतं असतं. :)

दर निवडणुकीनंतर टीव्हीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कोल्हापूरच्या मतदाराचा अंदाज लागत नाही." म्हणजे आम्ही चंचल. वरवर बघितलं तर आकडे तसंच सांगतात. २०१४ च्या विधानसभेला जिल्ह्यातल्या १० जागांपैकी शिवसेनेने ६ जिंकल्या, भाजपने २ आणि राष्ट्रवादीने २. काँग्रेसला भोपळा. पाच वर्षांनी, २०१९ ला, काँग्रेस ४, राष्ट्रवादी २, शिवसेना १, जनसुराज्य १ आणि अपक्ष २. आता भोपळा भाजपच्या वाट्याला. पुढे २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या हात चिन्हावर शाहू छत्रपती दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला दहाच्या दहा आमदार महायुतीचे किंवा महायुतीच्या बाजूचे. काँग्रेस पुन्हा शून्यावर.

आता हेच आकडे बाजूला ठेवून नुसती नावं वाचा. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा कागलला हसन मुश्रीफ, राधानगरीला प्रकाश आबिटकर, शाहूवाडीला विनय कोरे, शिरोळला राजेंद्र पाटील-यड्रावकर. इचलकरंजीला २०१९ ला वडील प्रकाश आवाडे, २०२४ ला चिरंजीव राहुल आवाडे. म्हणजे दहापैकी पाच ठिकाणी तोच माणूस किंवा तेच घर. मग बदललं काय? मतदार बदलला, की त्याच्यावर लावलेली पाटी बदलली? बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला हा विषय आज लिहून काढतोय. थोडा इतिहास आहे, थोडं घरचं आहे. घरातले लोकही हे वाचतात, तेव्हा सांभाळून लिहितो.

*

आमच्या भागात एके काळी पक्ष हीच ओळख होती, हे आजच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. आमचे आजोबा (आम्ही आबा म्हणायचो) करवीर तालुक्यातले, चार-पाच एकरांचे शेतकरी. ते शेकापचे होते. 'शेकापला मत देत' असं मी म्हणत नाही, शेकापचे होते, जसे ते वारकरी होते. आषाढीचा उपास जसा कोणी दरवर्षी नव्याने ठरवत नाही, तसं लाल बावट्याचं होतं. निवडणूक आली की विचार करायचा प्रश्नच नव्हता.

ही ओळख एका दिवसात तयार झालेली नव्हती. मुळाशी शाहू महाराजांच्या काळातली सत्यशोधक चळवळ. १९२२ साली महाराज गेले. त्यानंतर ब्राह्मणेतर पक्षाचं राजकारण कोल्हापूरच्या भास्करराव जाधवांसारख्या माणसांनी मुंबई कौन्सिलात नेलं, ते तिथे मंत्रीही झाले. मग १९३० च्या दशकात केशवराव जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि त्यांच्या मागे बहुजन समाजाचा मोठा भाग काँग्रेसकडे वळला. इकडे संस्थानात १९३९ साली प्रजा परिषद निघाली. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार ही त्यातली मोठी नावं. एकाच चळवळीतले हे दोघे, पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. रत्नाप्पाण्णा काँग्रेसमध्ये राहिले, भाई बागल शेकापच्या आणि नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूला उभे राहिले. स्वातंत्र्याच्या आगेमागे जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळींनी शेतकरी कामगार पक्ष काढला आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. कूळ, लेव्ही, धान्याचे भाव, कर्ज.. जे प्रश्न आबांच्या घरात रोज बोलले जात, तेच हा पक्ष चावडीवर बोलत होता. म्हणून तो 'आपला'. आबांना दाभाडी प्रबंध ठाऊक नव्हता. लेव्हीचा मामलेदार मात्र चांगला ठाऊक होता.

१९५७ ची निवडणूक म्हणजे या ओळखीचा कळस. संयुक्त महाराष्ट्राचा जोर होता. कोल्हापूर तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. एक शेकापचे भाऊसाहेब महागावकर, दुसरे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव डिगे. आणि लगेच पुढच्याच निवडणुकीत, १९६२ ला, काँग्रेसचे व्ही. टी. पाटील निवडून आले.

पाच वर्षांत लोकांचं मन बदललं? मला तसं वाटत नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि ज्या प्रश्नावर समिती उभी होती, तो प्रश्नच सुटला. यशवंतराव चव्हाणांनी 'बेरजेचं राजकारण' केलं, म्हणजे विरोधातली कर्ती माणसं एकेक करून आपल्याकडे घेतली. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. १९६३ साली जिल्हा दूध संघ निघाला, तोच आपला 'गोकुळ'. सहकारी साखर कारखान्यांची धुराडी एकामागून एक उभी राहू लागली. पूर्वी सरकार म्हणजे मामलेदार, जो धान्य न्यायला येतो. आता सरकार म्हणजे कारखाना, बँक, डेअरी, जिथून घरात पैसा येतो. मनं होती तिथेच होती, पण ज्या जमिनीवर ती उभी होती ती सरकली.

लाल बावटा काही लगेच खाली आला नाही. शहरातून त्र्यं. सी. कारखानीस शेकापचे आमदार होते. आणीबाणीनंतर १९७७ ला शेकापचे दाजीबा देसाई कोल्हापूरचे खासदार झाले. आबांनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते असं घरात अजून सांगतात. १९८५ ला एन. डी. पाटील शहरातून आमदार झाले. आणि १९९० ला त्याच शहरातून शिवसेनेचे दिलीप देसाई. पाच वर्षांत लाल बावट्यावरून थेट भगव्यावर! पुस्तकातल्या डाव्या-उजव्याच्या हिशेबात हे बसत नाही. पण शिवाजी पेठ, मंगळवार पेठ बघितलेल्या माणसाला कोडं पडत नाही. तालमी-मंडळातली जी पोरं काँग्रेसवाल्या बड्या घरांविरुद्ध एन.डीं.च्या मागे उभी होती, त्यांचे धाकटे भाऊ त्याच बड्या घरांविरुद्ध शिवसेनेच्या शाखेत गेले. विरोध कोणाला करायचा ते पक्कं होतं, कोणाच्या मांडवात बसून करायचा तेवढं बदललं.

*

आता गटाकडे येऊ. बाहेरच्या वाचकांना गट म्हणजे काहीतरी भांडखोर टोळी वाटते. तसं नाही. गट हा शेतकरी घराचा विमा आहे.

ऊस हे पीक वेळेवर तुटलं तर सोनं, नाहीतर वाळकं सरपण. तोड लांबली की वजन घटतं, तुरा येऊन ऊस पोकळ पडतो, शेत मोकळं होत नाही आणि पुढचं पीक हुकतं. टोळी कुणाच्या शेतात आधी येणार, याला कागदावर नोंदीप्रमाणे पाळी असते. कागदाबाहेर ओळख असते. तेच पीककर्जाचं, जे गावच्या सेवा सोसायटीतून मिळतं. तेच दुधाचं. दर दहा दिवसांनी येणारं दूध बिल आणि दिवाळीचा फरक यावर घरातल्या बाईचा संसार चालतो. म्हणून आमच्याकडे कित्येक गावांत सगळं दोन-दोन. दोन सेवा सोसायट्या, दोन दूध संस्था, दोन तालमी, दोन गणपती. एका गटाच्या संस्थेत दुसऱ्या गटाचा माणूस दूध घालत नाही.

आणि या संस्था वर जोडलेल्या. गोकुळच्या निवडणुकीत गाव मत देत नाही. प्रत्येक दूध संस्था ठराव करून एक प्रतिनिधी पाठवते, तो मत देतो. हे 'ठरावधारक' साऱ्या जिल्ह्यात मिळून काही हजार. म्हणजे ज्याच्याकडे गावची संस्था, त्याच्याकडे ठराव. ज्याच्याकडे ठराव, त्याला तालुक्याचा नेता हाक मारणार. ज्याला नेता हाक मारतो, त्याच्याकडे गावातली शंभर घरं अडीनडीला जाणार. खालून वर आणि वरून खाली अशी ही साखळी आहे. या साखळीत पक्षाची गरज पाच वर्षांतून एकदाच लागते, चिन्हासाठी.

आमच्या वडिलांचंच सांगतो. कारखान्याच्या एका निवडणुकीत ते आबांच्या ओढीने हरलेल्या पॅनेलमागे उभे राहिले. त्या वर्षी आमचा ऊस एप्रिल अर्धा सरला तरी उभा होता. कारखान्याचं नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, कुठेही हेच झालं असतं. पुढच्या हंगामाच्या आधी वडील समोरच्या गटाच्या नेत्याला भेटून आले. त्यांची मतं बदलली नव्हती. आणीबाणी, कूळकायदा, कामगार, या सगळ्यांवर ते शेवटपर्यंत आबांसारखंच बोलत. पण शिक्का त्या दिवसापासून दुसरीकडे. घरात मोठा तमाशा होईल असं आईला वाटलं होतं. आबांनी पुढच्या डिसेंबरात जेवताना एवढंच विचारलं, "ऊस गेला?" वडील म्हणाले, "गेला." आबा म्हणाले, "मग बरं झालं." त्यानंतर आमच्या घरात राजकारणावर पूर्वीसारखी भांडणं झाली नाहीत. ती व्हायला हवी होती, असं मला आता वाटतं.

*

गट हीच ओळख आणि पक्ष ही पाटी, याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा लोकसभेच्या निकालांत आहे. सदाशिवराव मंडलिक १९९८ ला काँग्रेसचे खासदार झाले. १९९९ ला राष्ट्रवादी स्थापन झाली, ते तिकडून निवडून आले. २००४ ला पुन्हा राष्ट्रवादी. २००९ ला पक्षाने त्यांना डावलून संभाजीराजे छत्रपतींना उमेदवारी दिली. मंडलिक पंच्याहत्तरीला टेकलेले, अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ४५ हजारांनी जिंकले. चार निवडणुका, तीन पाट्या, माणूस एक.

याहून गमतीचं पुढे आहे. २००४ ला मंडलिकांच्या विरोधात कोण होतं? शिवसेनेचे धनंजय महाडिक. म्हणजे मंडलिक घड्याळावर, महाडिक धनुष्यबाणावर. दहा वर्षांनी, २०१४ ला, लढत पुन्हा त्याच दोन घरांत. पण आता महाडिक घड्याळावर आणि मंडलिकांचे चिरंजीव संजय मंडलिक धनुष्यबाणावर! महाडिक सुमारे ३३ हजारांनी जिंकले. दोन घरांनी दहा वर्षांत चिन्हांची अदलाबदल केली आणि त्यांची पक्की माणसं निमूटपणे आपापल्या घरामागे गेली. 'राष्ट्रवादीचा मतदार शिवसेनेकडे वळला' असं कोणी म्हणालं असतं तर तेही खरं आणि त्याच्या बरोबर उलटंही खरं.

शेजारच्या मतदारसंघात माने घराण्याचं बघा. बाळासाहेब माने इचलकरंजीतून पाच वेळा काँग्रेसचे खासदार. त्यांच्या सूनबाई निवेदिता माने १९९९ आणि २००४ ला राष्ट्रवादीच्या खासदार. मतदारसंघाचं नाव पुढे हातकणंगले झालं आणि नातू धैर्यशील माने २०१९ ला शिवसेनेचे खासदार झाले. तीन पिढ्या, तीन पक्ष.

२०२२ ला तर पाटीच दुभंगली. शिवसेना फुटली, आमचे दोन्ही खासदार शिंदे यांच्याबरोबर गेले, आणि २०२३ ला आयोगाने धनुष्यबाणही तिकडेच दिला. म्हणजे चिन्ह तेच, माणूस तोच, आणि तरी पक्ष तोच की नाही यावर घराघरांत वाद.

*

आमची एक भाची न्यू जर्सीत असते. तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं आणि तिने मतदार नोंदणीचा अर्ज भरला. त्यात एक रकाना होता, पक्ष कोणता? डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, आणखी काही, किंवा कुठलाच नाही. तिने मला विचारलं, "मामा, सरकारी अर्जावर पक्ष लिहायचा?" आपल्याकडे मतदार यादीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तिकडे बऱ्याच राज्यांत पक्ष असतो. कारण पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे प्राथमिक फेरीत त्या नोंदलेल्या मतदारांनीच ठरवायचं असतं.

तिच्यामुळे मी या विषयावर थोडं वाचलं. १९६० साली मिशिगन विद्यापीठातल्या चौघा अभ्यासकांचं 'द अमेरिकन व्होटर' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बहुतेक लोकांना पक्ष घरातून मिळतो, धर्मासारखा. आधी पक्ष ठरतो, आणि मग प्रश्नांवरची मतं त्या पक्षाच्या चष्म्यातून बनतात. वाचताना मला आबाच दिसत होते. पुढे १९८१ मध्ये मॉरिस फिओरिना नावाच्या अभ्यासकाने वेगळं सांगितलं. पक्षाची ओळख म्हणजे मतदाराने मनात ठेवलेली खतावणी, कोणाच्या राज्यात आपलं बरं चाललं, कोणाच्या राज्यात नाही, याची चालू बेरीज. हे वाचताना वडील दिसले! आपल्याकडेही रजनी कोठारींनी १९६३ ला स्थापलेल्या सीएसडीएस या संस्थेने १९६७ मध्ये देशभरातल्या मतदारांचा असाच अभ्यास केला. म्हणजे हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

अमेरिकेतही ओळखी बदलल्या, पण किती सावकाश! तिथली दक्षिणेकडची राज्यं यादवी युद्धानंतर पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक. १९६४ ला त्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने काळ्या लोकांना समान हक्क देणारा कायदा केला आणि त्याच वर्षी दक्षिणेतली पाच राज्यं रिपब्लिकन उमेदवाराकडे गेली. पण तिथून निवडून येणाऱ्या प्रतिनिधींमध्ये रिपब्लिकनांचं बहुमत व्हायला १९९४ उजाडलं. तीस वर्षं! वर एकाला मत, खाली जुन्या ओळखीच्या पक्षाला, असं बराच काळ चाललं. दिल्लीला एक, मुंबईला एक, कारखान्याला तिसरा, हे आम्ही आजही करतो. तिकडे आता लोक वरपासून खालपर्यंत एकाच पक्षाला मत देतात, आणि तरीही 'मी कुठल्याच पक्षाचा नाही' म्हणणारे चाळीस टक्क्यांहून जास्त झालेत. भाचीनेही तोच पर्याय भरला.

या तुलनेत मला एक फरक जाणवतो. अमेरिकेत पक्षाने भूमिका बदलली, म्हणून मतदार निघून गेला. त्याचं कारण चांगलं होतं की वाईट हा प्रश्न वेगळा, पण कारण होतं आणि ते एका प्रश्नाशी जोडलेलं होतं. आमच्याकडे नेता निघून जातो आणि मतदाराला नंतर कळवलं जातं.

*

म्हणजे कोल्हापूरच्या लोकांना स्वतःची मतं नाहीत का? आहेत की. भरपूर आहेत. फक्त त्या मतांना निवडणुकीत पत्ता नाही.

टोलचं आंदोलन आठवा. सुमारे २२० कोटींच्या रस्ते प्रकल्पापोटी शहरात टोलनाके आले आणि २०११ पासून चार-पाच वर्षं कोल्हापूर पेटून उठलं. पुढे कोण होते? वयाची ऐंशी ओलांडलेले एन. डी. पाटील आणि कॉम्रेड गोविंद पानसरे. शेकापचा एक, भाकपचा एक. ज्या दोन पक्षांना शहरात निवडणुकीत कोणी विचारत नव्हतं, त्यांच्या म्हाताऱ्या नेत्यांच्या मागे पेठाच्या पेठा रस्त्यावर आल्या. सगळ्या पक्षांची, सगळ्या गटांची माणसं. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते गेले. त्या वर्षाच्या अखेरीस टोल रद्द झाला. लोकमत जिंकलं, याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आणि मधल्या २०१४ च्या निवडणुकीत? मतं नेहमीच्याच माणसांना. त्यात विसंगती आहे असं कोणालाच वाटलं नाही. एन.डी. रस्त्यावरच्या कामाचे, आमदार तहसील कचेरीतल्या कामाचा. लोकांनी मनातच खातेफोड करून टाकली.

ही खातेफोड मोडायचा प्रयत्न राजू शेट्टींनी केला. ऊसदराच्या आंदोलनातून उभा राहिलेला हा माणूस २००४ ला शिरोळचा अपक्ष आमदार झाला, २००९ आणि २०१४ ला खासदार. लोकांनी वर्गणी काढून निवडून दिलेला. ज्याचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्या कारखान्याच्या मालकाविरुद्ध त्याने मत दिलं! गट सोडून प्रश्नावर मत, हे आमच्या भागाने या काळात इतक्या मोठ्या प्रमाणावर केलं ते इथेच. पण २०१४ ला शेट्टी भाजपबरोबर गेले, २०१९ ला ज्या साखर सम्राटांशी भांडले त्यांच्याच आघाडीत आले, आणि हरले. २०२४ ला स्वतंत्र लढले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले. प्रश्नावर जमलेला मतदार गटाच्या मतदारापेक्षा नाजूक असतो. गटाचा माणूस नेत्याबरोबर कुठेही जातो. प्रश्नाचा माणूस विचारतो, "तिकडे का?"

*

२०१९ च्या लोकसभेला जिल्ह्यात एक घोषणा घुमली, 'आमचं ठरलंय'. काँग्रेसचे सतेज पाटील, आघाडीचे उमेदवार राष्ट्रवादीचे महाडिक, आणि सतेज पाटलांच्या गटाची मदत शिवसेनेच्या मंडलिकांना. ही घोषणा पुन्हा नीट वाचा. तिच्यात पक्ष नाही, प्रश्न नाही, उमेदवाराचं नावही नाही. फक्त 'आमचं' आणि 'ठरलंय'. काय ठरलंय ते ज्याला कळायचं त्याला कळतं. मंडलिक २ लाख ७० हजारांवर मतांनी जिंकले. गटाच्या राजकारणाची इतकी नेमकी व्याख्या दोन शब्दांत कोणी केली नसेल.

२०२४ ला दुसरी घोषणा आली, 'मान गादीला, मत मोदींना'. म्हणजे मतदाराला सांगणं असं, की आदर एकीकडे ठेव आणि मत दुसरीकडे दे. लोकांनी या वेळी मान आणि मत दोन्ही शाहू महाराजांच्या पदरात टाकलं. सहा महिन्यांत वारं पुन्हा फिरलं. आमच्या भागातल्या बहुतेकांच्या मते त्यातला मोठा वाटा लाडकी बहीण योजनेचा, महिना १५०० रुपयांचा.

मला मात्र त्यात रकमेपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. गटाची ओळख ही घराची ओळख होती. घर एका गटाचं, म्हणून घरातली सगळी मतं त्या गटाची. बाईचं मत कोणी विचारायचं कारणच नव्हतं. उसाचं बिल पुरुषाच्या नावावर, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर, खतावणी एकच. आता बाईच्या स्वतःच्या खात्यात, कुठल्या चेअरमनच्या सहीशिवाय, पैसे आले. एका घरात दुसरी खतावणी उघडली गेली. आमच्या एका वहिनींना नोव्हेंबरात दादाने विचारलं, कुणाला दिलंस? त्या म्हणाल्या, "दिलं की." बस्स. आमच्या घरात असं उत्तर यापूर्वी कोणी दिल्याचं मला आठवत नाही.

हे स्वातंत्र्य म्हणायचं की एका चेअरमनऐवजी दुसरा मोठा चेअरमन, हे पुढची काही वर्षं सांगतील. गटाचे खांब मात्र कुरतडले जाताहेत हे नक्की. खाजगी कारखाने वाढले, तेव्हा एकाने नाही नेला तर ऊस दुसरीकडे जातो. दूध खाजगी डेअरीलाही घालता येतं. पोरं पुण्यात नोकरीला, त्यांना ठराव म्हणजे काय ते माहीत नाही. २०२१ ला गोकुळमध्ये जवळपास तीन दशकांची महाडिकांची सत्ता गेली, तेव्हा जुन्या लोकांना धक्का बसला आणि नव्यांनी बातमी सरकवून पुढची बघितली. गट गेले तर त्यांच्या जागी काय येणार? आबांसारखी पक्षाची ओळख, की शेट्टींच्या मतदारासारखी प्रश्नाची, की फक्त फोनवरचं वारं? मला यातलं प्रश्नाचं राजकारण हवं आहे. पण त्यासाठी घरात पुन्हा भांडावं लागेल, आणि एप्रिलात उभा राहिलेला ऊस सहन करायची तयारी ठेवावी लागेल. ती आमच्या वडिलांनी ठेवली नाही म्हणून त्यांना दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. त्या वर्षी माझी कॉलेजची फी त्याच उसातून जायची होती.

असो. लांबलं बरंच. शेवटी दोन विनंत्या. सांगली, सातारा, सोलापूरकडच्या मंडळींनी आपल्याकडे गट कसे बनले आणि कसे मोडले ते जरूर लिहावं. आणि आत्ती, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. १९७७ ला तुमचं पहिलं मत होतं. आबांनी पेढे वाटले ते सगळ्यांना आठवतं. पण तुम्ही शिक्का कुठे मारला होता आणि तो कुणाला विचारून मारला होता, हे आजवर तुम्हाला कोणीच विचारलेलं नाही. आता मी विचारतोय. सांगायचं नसेल तर वहिनींसारखं "दिलं की" म्हणा, तेही चालेल.